तुमच्याच पद्धतीने

"काकू, तुमचा बॅकहँड छान आहे," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली उघडून गटागटा प्यायली. स्क्वॉशच्या कोर्टाबाहेरच्या लाकडी बाकावर आम्ही दोघी बसलो होतो; ती तेरा वर्षांची, मी सत्तेचाळीस. संध्याकाळी कोर्टावर माझी वेळ संपली की तिची सुरू होते, एवढीच आमची ओळख. त्या दिवशी तिचा जोडीदार उशिरा येणार होता, म्हणून वीस मिनिटे ती माझ्याशी खेळली आणि तेवढ्या वेळात तीन गेम संपले, यावरून गुणफलकाची कल्पना यावी. कौतुक ऐकून मला बरे वाटायला हवे होते. परंतु एखाद्याने आपल्याकडे जेवून उठताना "कोशिंबीर फार छान झाली होती" एवढेच म्हणावे आणि भाजी-आमटीचा उल्लेखही करू नये, तसे काहीतरी झाले. न राहवून मी विचारलेच, "आणि फोरहँड?" तिने बाटलीचे झाकण लावले, ते नीट बसले आहे की नाही हे पाहिले, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाली, "तो तुम्ही तुमच्याच पद्धतीनं मारता."

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले.

कणीक मळताना, कपड्यांच्या घड्या घालताना मी उजव्या हाताकडे पाहत राहिले. स्क्वॉश, म्हणजे चार भिंतींच्या खोलीत रबरी चेंडू रॅकेटने समोरच्या भिंतीवर मारत राहण्याचा खेळ, मी चाळिशी उलटल्यावर सुरू केला होता आणि बॅकहँड शिकण्यासाठी बराच घामही गाळला होता. फोरहँड शिकावा लागतो हे मात्र माझ्या डोक्यातच कधी आले नव्हते. उजव्या बाजूला चेंडू आला की हात आपोआप जातो; त्यात शिकायचे काय? चमच्याने आमटी वाढायला कोणी शिकवणी लावते का? शिवाय मी कॉलेजात बॅडमिंटन खेळलेली. तेही पुण्यात, म्हणजे ज्या गावाचे नाव एके काळी त्या खेळालाच चिकटले होते, तिथे. तेव्हाच्या आमच्या सरांनी सगळ्यांसमोर एकदा म्हटले होते, "मनगट बघा हिचं!" त्या तीन शब्दांवर मी पुढची पंचवीस-तीस वर्षे काढली आहेत, असे म्हटले तरी चालेल. संसारात, नोकरीत मनगटाचे कौतुक कोणी करत नाही. त्यामुळे आयुष्यात मिळालेले ते एक प्रशस्तिपत्रक मी जपून ठेवले होते. आता एक तेरा वर्षांची मुलगी अत्यंत मृदू आवाजात सांगत होती की त्याची मुदत संपली आहे.

आमच्या कोर्टावर एक मार्कर आहेत. स्क्वॉशमध्ये शिकवणाऱ्या, कोर्टाची देखभाल करणाऱ्या, गुण मोजणाऱ्या आणि जोडीदार आला नाही तर सभासदाबरोबर खेळणाऱ्या माणसाला आपल्याकडच्या क्लबांत पूर्वीपासून मार्कर म्हणतात. अलीकडे सगळीकडे 'कोच' आले आहेत, पण आमच्या काकांना मार्करच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडते. वय साठीच्या पुढे; गुडघ्याला कायम एक मळकट पट्टा. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटले, "काका, मला फोरहँड शिकवा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की चार वर्षांपासून ते याच वाक्याची वाट पाहत असावेत. मग माझी रॅकेट हातात घेतली, तिची पात उभी धरली आणि म्हणाले, "मॅडम, हिच्याशी हस्तांदोलन करा."

मी केले. त्यांनी शर्टाच्या खिशातले बॉलपेन काढले आणि माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात एक छोटी रेघ मारली. दुसरी रेघ रॅकेटच्या दांड्यावर, वरच्या पृष्ठभागाच्या डाव्या कडेला. या दोन रेघा एकमेकींवर आल्या पाहिजेत, बस. तर्जनी बाकीच्या बोटांना चिकटलेली नको, किंचित वर सरकलेली हवी. इतके सोपे. पण मी एक फटका मारला आणि खाली पाहिले तर रेघा एकमेकींपासून चांगल्या बोटभर लांब गेलेल्या. हात माझ्या नकळत दांड्यावर फिरला होता आणि रॅकेट तव्यासारखी धरली गेली होती, म्हणजे पात समोरच्या भिंतीकडे सपाट तोंड करून उभी. पुन्हा मारले, पुन्हा तवा. दहा फटक्यांत नऊ वेळा तवा. ती बॉलपेनची रेघ रात्री भांडी घासूनही गेली नाही. जेवताना मुलाने विचारले, "हातावर काय लिहिलंयस?" मी म्हटले, "पत्ता."

पात किंचित उघडी, म्हणजे आभाळाकडे जरा कललेली का हवी, हे काकांनी मला बोलून नव्हे तर आवाजाने पटवले. समोरच्या भिंतीच्या तळाशी ४८ सेंटीमीटर उंचीची टिन असते. तिच्यावर चेंडू आदळला की पत्र्याचा खणखणाट होतो आणि गुण जातो. माझ्या सपाट पातीचे फटके एकामागून एक त्या पत्र्यावर जाऊन आदळत होते आणि बंद कोर्टात तो आवाज एखाद्या रिकाम्या डब्यावर कोणी लाटणे हाणावे तसा घुमत होता. मग त्यांनी पात जेमतेम दोन बोटे उघडायला लावली. चेंडू मधल्या लाल रेषेच्या वर लागला, परत आला, आणि चक्क मागच्या भिंतीपर्यंत गेला. ती मधली रेषा जमिनीपासून पावणेदोन मीटरहून थोडी वर असते. आपला चेंडू त्या रेषेच्या वर लागावा, बाजूच्या भिंतीला धरून मागे जावा आणि त्याचा दुसरा टप्पा मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पडावा. फोरहँडच्या साध्या, सरळ फटक्याची सगळी मागणी एवढीच आहे. वर्षानुवर्षे खेळणारी माणसे हाच एक फटका रोज अर्धा तास का मारत बसतात, हे मला तोवर कळत नव्हते. मला ते गायकाने सकाळी उठून षड्ज लावत बसण्यासारखे वाटे, म्हणजे आदरणीय, पण आपल्यासाठी नव्हे.

खरी अडचण मनगटाची होती. बॅडमिंटनचे फूल साडेपाच ग्रॅमच्याही आतले. ते डोक्यावरून येते, हवेत मंदावते, आणि ऐनवेळी मनगटाचा झटका दिला की ते कुठेही वळते. स्क्वॉशचा चेंडू २४ ग्रॅमचा, रबराचा, गुडघ्याच्या उंचीवर येणारा. त्याला मनगटाचा झटका दिला की तो जातो, जोरातही जातो, पण कुठे जाईल हे त्याचे त्याला ठाऊक. चेंडू शरीराच्या जरा पुढे असताना झटका बसला तर तो कोर्टाच्या मधोमध, प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात. जरा मागे बसला तर थेट उजव्या भिंतीत. मी इतकी वर्षे यालाच माझ्या खेळातली विविधता समजत होते. काकांचे म्हणणे असे की मनगट वर वळवून, जरासे मागे ताणून धरायचे आणि तसेच ठेवायचे. जे फिरायचे ते कोपरापासून पुढच्या हाताने फिरायचे. "मनगट कुलूप आहे मॅडम, किल्ली नाही," असे ते म्हणत. मला ते ऐकून राग येई. ज्या अवयवासाठी माझी वाहवा झाली होती, त्यालाच आता तोंड मिटून बसायला सांगत होते.

आणि तेव्हा बॅकहँडचे कोडे मला उलगडले. बॅडमिंटनमध्ये मी बॅकहँड टाळत असे. फूल डावीकडे आले की चार पावले पळून त्याच्या पलीकडे जायचे आणि फोरहँडच मारायचा, ही माझी जुनी सवय. स्क्वॉशमध्ये डावीकडे भिंत असते. तिच्या पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे बॅकहँड मला कोऱ्या पाटीवर गिरवावा लागला आणि काकांनी सांगितला तसाच तो उमटला. फोरहँडची पाटी मात्र आधीच भरलेली होती. तिच्यावर बॅडमिंटन होते, वाईच्या वाड्यातल्या अंगणातले क्रिकेट होते, चादरी झटकणे होते, झुरळे मारणे होते. उजव्या हाताने आयुष्यभर जे जे मारले, ते सगळे त्या एका फटक्यात गर्दी करून येत होते.

"लहानपणी पाण्यात दगड मारलेत का?" काकांनी एके दिवशी विचारले. "उडवायचे. टप्पे खात जातात तसे."

मारलेत का! कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. वाईच्या घाटावर उन्हाळ्यात पाणी पायऱ्या सोडून खाली जायचे आणि मधले काळे खडक उघडे पडायचे. पाठीला ऊन, पायाखाली शेवाळाने बुळबुळीत झालेला दगड, आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी धुणे आपटत असल्याचा अर्ध्या क्षणाने उशिरा पोहोचणारा आवाज. माझा मामेभाऊ चपटे दगड निवडून खिशात भरायचा. खिसा एका बाजूला लोंबायचा. आम्ही त्याला भाकऱ्या टाकणे म्हणत असू. त्याच्या भाकऱ्या सात-सात, आठ-आठ टप्पे जात आणि माझा दगड डुबुक करून बुडे, कारण मी तो वरून फेकत असे. मग त्याने मला खांद्याला धरून पाण्याकडे आडवे उभे केले, गुडघ्यात वाकायला लावले आणि म्हणाला, कोपर आधी जाऊ दे, दगड मागून येईल. मला ते वाक्य शब्दशः आठवते असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या हाताचा माझ्या कोपरावरचा दाब मात्र आठवतो, आणि पहिल्यांदा तीन टप्पे गेले तेव्हा पाण्यावर उमटलेली, एकमेकींत शिरत जाणारी ती तीन वर्तुळेही.

कोर्टावर मी आडवी उभी राहिले. तोंड उजव्या भिंतीकडे, डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला. रॅकेट वर, कोपर दुमडलेले. काकांनी हाताने चेंडू टाकला आणि मी रॅकेटने नव्हे, जणू हातातल्या दगडाने तो मारला. कोपर आधी गेले, पुढचा हात मागून आला, पात त्याच्याही मागून. आवाजच वेगळा आला. आतापर्यंत माझा फटका 'फट्' असा वाजत असे. हा 'ठक्' असा, आखूड आणि कोरडा. चेंडू भिंतीला इतका लगटून मागे गेला की पांढऱ्या भिंतीवर त्याची एक बारीक काळी खूण राहिली. काका काही बोलले नाहीत, त्यांनी नुसता दुसरा चेंडू टाकला. तो मी पत्र्यात घातला, हेही सांगायला हवे.

त्यानंतरचे तीन महिने हे मुख्यतः अंतराचे महिने होते. माझा सर्वांत खोडसाळ दोष मनगटाचा नसून अंतराचा आहे, हे हळूहळू उघड झाले. चेंडू दिसला की मी त्याच्या अंगावर जाते. मग कोपर बरगडीत अडकते, हात उघडायला जागा उरत नाही, आणि त्या अडचणीतून सुटण्यासाठी मनगट पुन्हा धावून येते. चेंडू पुढच्या गुडघ्याच्या रेषेत, शरीरापासून हात आणि रॅकेट मोकळी फिरेल इतका लांब असायला हवा. म्हणजे चेंडूकडे पळायचे नाही, तो जिथे येणार आहे त्या जागेच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. हे मन मानत नाही. ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद अशा त्या खोलीत घामाने निथळत धावताना चेंडू निसटेल ही भीती इतकी असते की माणूस त्याला कवटाळायलाच जातो. त्यातही मागच्या कोपऱ्यातला चेंडू. तो बाजूच्या भिंतीला लागून, मागच्या भिंतीला लागून हळूच बाहेर येतो. थांबले तर हातात येईल, पण थांबण्याचे धैर्य नसते. रॅकेट लवकर मागे न्यायची आणि फटका मात्र उशिरा मारायचा, यामधली जी अर्धी घटका रिकामी असते, ती माझ्याच्याने रिकामी ठेववत नाही.

काका कधीकधी जुन्या खेळाडूंच्या गोष्टी सांगतात. त्यांचा आवडता खेळाडू हाशिम खान. पेशावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात, छत नसलेल्या कोर्टांवर भिंतीबाहेर गेलेले चेंडू गोळा करून आणणारा पोरगा. साहेब लोक गेले की उघड्या पायांनी स्वतः खेळत शिकलेला. १९४४ साली त्याने मुंबईत येऊन अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. पुढे त्याच्याकडून मुंबईत हरलेला अब्दुल बारी हा त्याचाच नातलग १९५० साली ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ज्याला आपण हरवले तो तिथवर जातो, मग आपण का नाही, या चुटपुटीने हाशिम पुढच्या वर्षी लंडनला गेला आणि त्याच करीमला ९–५, ९–०, ९–० असे हरवून आला. जन्मतारीख कोणाकडेच धड नव्हती, पण तोवर त्याने पस्तिशी ओलांडलेली होती. काका ही गोष्ट सांगताना 'पस्तिशी' या शब्दावर थांबून माझ्याकडे पाहतात. मी त्यांना प्रत्येक वेळी आठवण करून देते की पस्तिशी मी बारा वर्षांमागे सोडली आहे आणि हाशिमला कोणी चादरी झटकायला लावल्या नव्हत्या.

रात्री झोप आली नाही की मी फोनवर सामने पाहते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्याचा शेवट मी किती वेळा पाहिला असेन! मुंबईचा महेश माणगावकर पहिली लढत हरला होता, सौरव घोषालने बरोबरी साधली होती, आणि पाकिस्तानविरुद्धचे सुवर्ण अभय सिंगच्या पाचव्या गेमवर येऊन थांबले होते. ८–१० अशा पिछाडीवरून त्याने तो १२–१० असा काढला. पहिल्यांदा पाहताना मी ओरडून घर जागे केले होते. पुढेपुढे मी गुणफलकावर अंगठा ठेवून नुसत्या रॅकेटी पाहू लागले. चेंडू समोरच्या भिंतीला लागायच्या आत रॅकेट वर गेलेली असते. त्या दोघांच्याही. दमलेले, घामेजलेले, सामना हातचा जातो आहे अशा घडीलाही ती वर जाते. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांतच मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला जागा मिळाली. पण त्याच दिवशी क्रिकेटलाही मिळाली, त्यामुळे आपल्याकडे कोणाची चर्चा झाली हे वेगळे सांगायला नको. काकांनी मात्र कोर्टावर पेढे आणले होते. त्या मुलीने दोन घेतले होते, हेही मला आठवते.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. नवा फोरहँड शिकताना माझा जुना बिघडला, आणि नवा काही लगेच आला नाही. ज्यांना मी सहज हरवत असे अशा दोघी-तिघींकडून मी हरू लागले. एका मैत्रिणीने तर सुचवले, "अगं, चाललं होतं ते बरं होतं की." खरेच बरे होते. त्या जुन्या, वेड्यावाकड्या फटक्यात एक मजा होती. शेवटच्या क्षणी मनगट वळायचे, चेंडू भलत्याच कोपऱ्यात जायचा आणि समोरची बाई उभी राहायची. त्यातून मला पंचवीस वर्षांपूर्वीची मी थोडीशी भेटायची. आताच्या फटक्यात ती नाही. आताचा फटका कोणाचाही असू शकतो. तो पुस्तकातल्यासारखा आहे आणि त्यात 'माझी पद्धत' म्हणावे असे काही नाही. एखाद्या दिवशी, कोर्टावर कोणी नसताना, मी मुद्दाम पाच-सहा फटके जुन्या पद्धतीने मारून घेते. पथ्य मोडून लोणचे खावे तसे. काकांना हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि ते काही बोलत नाहीत.

परवाच्या मंगळवारी मी एकटीच सराव करत होते. थंड चेंडू उसळत नाही, म्हणून आधी तो बुटाखाली घोळवून, भिंतीवर मारमारून गरम केला. मग उजवीकडच्या सर्व्हिस चौकोनाच्या मागे उभी राहून सरळ फटके मारू लागले. चेंडू प्रत्येक वेळी त्या १.६ मीटरच्या चौकोनाच्या मागेच पडायला हवा. पुढे पडला की मोजणी पुन्हा एकपासून. माझा विक्रम सातचा होता. त्या दिवशी सात झाले, आठ झाले. नवव्याला चेंडू भिंतीला चिकटून आला आणि मी अंगावर न जाता थांबले. कोर्टात नुसता 'ठक्' आणि बुटांची चिवचिव. दहा. कोपर, पुढचा हात, पात. अकरा. मला अतिशय इच्छा झाली की काचेच्या दारातून कोणीतरी हे पाहावे, आणि खरे सांगायचे तर कोणीतरी म्हणजे ती मुलगीच. बारावा मारताना मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहिले, आणि चेंडू अर्थातच पत्र्यात गेला.

ती दाराबाहेर उकिडवी बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. गाठ सुटली, तिने पुन्हा बांधली. मग उठून काचेवर दोन बोटांनी टकटक केले, दार जरासे उघडले आणि आत डोके घालून म्हणाली, "काकू, सहा वाजले."